भाऊजींच्या अंगठ्याचं नख

भाऊजी उजव्या अंगठ्याचं नख कधी कापत नसत. बाकीची नऊ नखं दर रविवारी अंगणात जुना पेपर पसरून नीट कापली जात. हे एक मात्र ते बारीक कानशीनं घासून सारखं करत आणि थोडं वाढलेलं ठेवत. त्या नखाला काम होतं. प्लास्टिकची कुठलीही वस्तू हाती आली की ते तिच्यावरून हलकेच फिरायचं. साबणदाणी, कंगवा, माझ्या चष्म्याचं घर, लग्नाच्या मांडवात बसायला दिलेल्या खुर्चीचा हात. फिरता फिरता कुठेतरी ते किंचित अडखळे आणि भाऊजी थांबत. आपल्याला तिथे काहीच दिसत नसे.

"इथं दोघं भेटले," ते म्हणत, "पण थंडे होऊन भेटले."

ही भेट कुणाची, ते मला समजायला वेळ लागला. तापून पातळ झालेलं प्लास्टिक साच्याच्या एका भोकातून दाबानं आत शिरतं. वाटेत अडथळा आला की त्याच्या दोन धारा होतात, आणि अडथळ्याला वळसा घालून त्या पलीकडे पुन्हा एकत्र येतात. ऊन असताना आल्या तर एकजीव होतात. निवत आल्यावर आल्या तर नुसत्या एकमेकींना चिकटतात आणि तिथे केसाहून बारीक रेघ राहते. वस्तू फुटायची असली की तिथेच फुटते. कारखान्यात तिला जोड म्हणत. भाऊजी भेट म्हणत.

त्यांचं नाव वासुदेव भोयर. मूळचे वर्ध्याकडचे. भिलाईच्या लाइट इंडस्ट्रियल एरियात प्लास्टिकचा एक लहान कारखाना होता, तिथे साचे बनवायचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या पत्नी नलूताई आणि मी सेक्टर दोनच्या एकाच शाळेत शिकवत होतो, त्या भूगोल आणि मी गणित. त्या मला मोठ्या बहिणीसारख्या, म्हणून हे भाऊजी. ते मला बाई म्हणत. क्वार्टर नलूताईंच्या नावावर होतं. भाऊजी नव्या माणसाला ओळख करून देताना गंभीर चेहऱ्यानं सांगत, "मी बाहेर नोकरीले आहो. इथं बायकोकडे राह्यतो." आतून उत्तर येई, "मग पाहुण्यासारखं राहा न. चपला घालून सैपाकघरात कायले येता?"

सैपाकघरात ते यायचे त्याला कारण होतं. साच्याची नवी कल्पना डोक्यात आली की ते पिठलं मागत. खायला नव्हे. त्यांच्याजवळ लाकडात कोरलेले पसरट खळगे होते, वर काच बसवलेले. एकीकडून हळद घातलेलं पातळ पिठलं आणि दुसरीकडून बिनहळदीचं असं दोन नरसाळ्यांनी ते आत सोडत, आणि काचेवर वाकून पिवळं आणि पांढरं कुठे भेटतं ते बघत. एकदा नलूताईंचे थोरले भाऊ नागपूरहून ऐन जेवणाच्या वेळी आले, तेव्हा टेबलावर काचेखाली पिठलं पसरलेलं होतं. भाऊजींनी त्यांना ते अर्धा तास समजावून सांगितलं. पाहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग अदबीनं विचारलं, "हे काचेखालचंच वाढून राहिले का तुम्ही?" नलूताई ही गोष्ट शाळेच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एकदा तरी सांगत, आणि दरवर्षी भावाचा चेहरा आणखी थोडा पडलेला असे.

पिठल्यापुढची पायरी वहीची. बटर पेपरची पन्नास-साठ पानं शिवून भाऊजी एकेका साच्याची वही करत. पहिल्या पानावर वस्तूची आकृती आणि तिच्यात लाल पेन्सिलीचा एक ठिपका, प्लास्टिक शिरतं ती जागा. दुसऱ्या पानावर तो ठिपका जरा मोठा. असं पानागणिक लाल पसरत जाई, कोपऱ्यांत शिरे, दांड्याला वळसा घाली. वही हातात धरून अंगठ्याखालून पानं भराभर सोडली की डोळ्यांसमोर बादली भरत असे. जिथे दोन लाल धारा निवून भेटतील असं त्यांना वाटे, तिथे ते निळ्या पेन्सिलीनं एक शून्य काढत. मग ते शून्य जाईपर्यंत भोकाची जागा बदलत, भिंत जाड-बारीक करत, नवी वही शिवत. पोलाद त्यानंतर.

"आधी कागदावर चुकून घ्याचं, बाई," ते सांगत. "पोलादावर खोडरबर चालत नाही."

कागदावर इतकं अचूक कसं काढता, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला कारखान्यातलं एक फळकूट दाखवलं. त्यावर बारा मग ओळीनं मांडले होते. पहिल्यात जेमतेम जिभेएवढं प्लास्टिक, दुसऱ्यात थोडं जास्त, आणि शेवटचा मग पूर्ण. मशीनला मुद्दाम कमी माल देऊन त्यांनी ते काढले होते, प्लास्टिक कसकसं पुढे सरकतं ते बघायला. अपुऱ्या मगांना ते अर्धपोटी म्हणत. बिघडलेल्या वस्तूला त्यांनी खराब म्हटलेलं मला आठवत नाही. कुठे खड्डा पडला, कुठे काठ वाकला, तर म्हणत, "इथं ते रुसलं." आणि रुसण्याचं कारण शोधायला बसत.

त्यांच्या टेबलामागे भिंतीवर एका खिळ्याला कामगारांची एक पांढरी टोपी टांगलेली होती, डोक्याला मार लागू नये म्हणून घालतात ती. तिचे उभे दोन तुकडे झाले होते आणि दोन्ही एकाच तारेत अडकवले होते. तिच्याबद्दल कुणी विचारत नसे. मी विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्यांनीच एकदा सांगितलं.

कारखान्याची ती पहिली टोपी होती आणि साचा भाऊजींचा पहिला मोठा साचा. प्लास्टिक माथ्यावरून आत सोडलं तर माथ्यावर बारीक ठिपका राहतो. भाऊजींना माथा अगदी गुळगुळीत हवा होता. त्यांनी एकाऐवजी दोन भोकं केली, दोन्ही कानांवर एकेक. दोन्ही कानांकडून प्लास्टिक वर चढलं आणि कपाळापासून मानेपर्यंत मधोमध भेटलं. नख अडखळलं होतं. भाऊजींनी साच्याला पॉलिश केलं, रेघ दिसेनाशी झाली.

"मी रेघ मिटवली, बाई. भेट तशीच राहू देली."

जवळच्या उतई गावात पाण्याची एक टाकी बांधली जात होती. तिथे बिसाहू नावाच्या मजुराच्या डोक्यावर वरून वीट पडली, आणि टोपी त्या न दिसणाऱ्या रेघेवर सरळ दुभंगली. बिसाहू वाचला. कपाळावर मधोमध, केसांपासून डाव्या भुवईच्या आतल्या टोकापर्यंत एक जाड व्रण राहिला, बरोबर टोपीच्या रेघेखाली. लोक म्हणाले, टोपी होती म्हणून जीव वाचला. भाऊजी दुर्गच्या इस्पितळात रोज जात होते. हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलं आणि कधी त्याला हो म्हटलं नाही. आधी त्यांनी साच्यातली दोन्ही भोकं वेल्डिंगनं बुजवली आणि माथ्यावर एक पाडलं. ठिपका दिसतो म्हणून दुकानदार कुरकुरले. वह्या शिवायला त्यांनी त्यानंतर सुरुवात केली.

बिसाहू बरा झाल्यावर त्याला त्यांनी कारखान्यात आणलं. साच्यातून निघालेले प्लास्टिकचे देठ आणि बाद माल दळून त्याचा पुन्हा दाणा करायचा, त्याला भरडा म्हणत. मागच्या शेडमधल्या त्या चक्कीवर बिसाहूला काम मिळालं. तो उतईहून सायकलनं येई, उघड्या डोक्यानं. टोपी त्यानं पुन्हा घातली नाही. भाऊजी त्याची सगळी चौकशी ठेवत, त्याच्या मुलीला शाळेत घालायला नलूताईंना पाठवत. पण चक्कीच्या शेडमध्ये ते स्वतः फारसे जात नसत. गेले तरी उभ्या उभ्या बोलून, दुसरीकडे बघत परत येत. मला वाटे, ते धुळीमुळे.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग कारखान्यात कंप्यूटर आला. मालकांचा मुलगा, नाव नवीन, इंजिनीअर होऊन आला होता, आणि त्याच्याजवळ फ्लॉप्यांवर एक प्रोग्राम होता. साचा कापायच्या आधीच प्लास्टिक आत कसं वाहील, कुठे निवेल, कुठे भेटेल, हे तो पडद्यावर दाखवणार होता. कारखान्यातली एकुलती एक थंड, काचेची खोली त्यासाठी तयार झाली. चपला बाहेर काढून आत जावं लागे. देवघर केलं पोराने, असं लोक म्हणत, आणि भोयर साहेबांच्या वह्या आता रद्दीत जाणार असंही म्हणत.

पण कारखान्यानं हाती घेतलेली नवी टोपी प्रोग्रामला समजावून सांगणं नवीनला जमेना. सगळा आकार लहान लहान त्रिकोणांत तोडून प्रत्येक टोकाचे आकडे भरावे लागत होते. भाऊजी म्हणाले, आमच्या घरच्यांच्या शाळेत गणिताच्या एक बाई आहेत आणि आता मे महिन्याची सुट्टी आहे. अशी मी तिथे गेले.

साचा खाणीतल्या कामगारांच्या टोपीचा होता. तिला कपाळावर दिवा अडकवायला एक खाच हवी होती. माथ्यावरून आलेलं प्लास्टिक त्या खाचेपाशी दुभंगणार आणि खाचेखाली, कपाळाच्या मधोमध, पुन्हा भेटणार. भाऊजी हे बोलले नाहीत. लाकडी नमुन्यावर मी बॉलपेननं त्रिकोण काढत होते, ते मोजून आकडे सांगत होते, आणि खाचेखालच्या जागी आले की त्यांचा आवाज हळू होत होता.

कंप्यूटरवर ते रुसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते तर त्याच्या प्रेमातच पडले. सकाळी आकडे देऊन ठेवले की संध्याकाळपर्यंत तो हिशेब करत बसे, आणि भाऊजी मधून मधून चपला काढून आत डोकावून जात. "माझंच काम करून राहिला बिचारा," ते म्हणाले. "फक्त याले बुढापा नाही."

पहिलं उत्तर आलं तेव्हा पडद्यावर टोपी रंगांत होती, ऊन तिथे लाल आणि थंड तिथे निळी. खाचेखाली नारिंगी होतं. म्हणजे भेट ऊन असतानाच होत होती. नवीनचा चेहरा उजळला. भाऊजींनी पिशवीतून वही काढली. तिच्यात त्याच जागी निळं शून्य होतं.

नवीन म्हणाला, "अंकल, अब तो कंप्यूटरने भी कह दिया."

"कहा बेटा. पर मेरा कागज मना कर रहा है. क्यों कर रहा है, इतना समझ लेने दे."

"आप ही बताइए, क्यों?"

ते भाऊजींना सांगता येईना. पोलादाचा ठोकळा मशीनवर चढवून झाला होता, माल वेळेवर द्यायचा होता. मालक आले. भले गृहस्थ होते, त्यांनी आवाज चढवला नाही. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाले, आणि मग कंप्यूटरचं ऐकायचं. भाऊजींनी मान हलवली, पण साच्याच्या नकाशावर सही केली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हात सांगते, बाई. हाताले कारण इचारलं तर तो गप बसते. आता मी काय करू?"

दोन दिवस त्यांनी माझे त्रिकोण तपासले. एक चूक सापडली, पण ती मानेकडची, बिनमहत्त्वाची. मी ओशाळले, तर म्हणाले, तुमच्या कॉपीत मले पहिल्यांदा लाल शेरा माराले भेटला. शुक्रवारी दुपारी ते एकदम थांबले.

"बाई, मालाचा ताप किती धरला?"

मी सांगितलं. मशीनशेजारी एक फ्रेम लावलेली होती, तिच्यात तापमानाचा तक्ता होता, त्यातून मी आकडा उतरवला होता. भाऊजी माझ्याबरोबर तिथे आले. तक्ता त्यांच्याच अक्षरातला. भोपाळहून कुणी पाहणीला आलं तर दाखवायला म्हणून त्यांनी तो कधी काळी लिहून लावला होता. दर दसऱ्याला मशीनबरोबर त्याचीही पूजा होई. काचेवर इतक्या वर्षांच्या कुंकवाचे ठिपके होते आणि वाळलेल्या झेंडूचा एक दोरा. त्याला नमस्कार सगळे करत होते. तो वाचत मात्र कुणी नव्हतं.

मशीन खरंच एवढ्या तापावर चालते का, असं भाऊजींनी विचारलं, तर मशीनवरचा माणूस चुळबुळला, म्हणाला, तसंच चालते साहेब, थोडंफार कमी. भाऊजी तसेच, चपला कंप्यूटरच्या दाराशी विसरलेल्या, तापलेल्या फरशीवरून मागच्या शेडमध्ये गेले. बिसाहू चक्कीत देठ टाकत होता. भाऊजी त्याच्याशेजारी पोत्यावर बसले. त्यांना तिथे बसलेलं मी प्रथमच पाहत होते. भरडा कुठे कुठे जातो, त्यांनी विचारलं.

सगळ्यांत जातो, बिसाहू म्हणाला. टोपीतही. पाच पोती नव्या दाण्याला एक पोतं. मग सहज, हवापाण्याचं सांगावं तसं म्हणाला, "भरडा डारबे त टोपी पिंवरा जाथे साहेब. तेकर सेती आँच ल कम कर देथें."

भरडा घातला की टोपी पिवळी पडते, म्हणून आच कमी करतात. टोपी पांढरीशुभ्र निघावी म्हणून. आणि हे सुरुवातीपासून.

"मुझको बताया क्यों नहीं, बिसाहू?"

"कोनो पूछिन कहाँ, साहेब."

कुणी विचारलंच कुठे. त्यात टोमणा नव्हता. बिसाहूनं चक्कीत आणखी देठ टाकले. भाऊजींनी जमिनीवरचा एक देठ उचलून त्यावरून नख फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्या जगाले इचारत फिरलो, बाई. हे बादली, तू काऊन रुसली, म्हणून. आन् याच्यापाशी दोन घडी बसणं झालं नाही. याच्या कपाळाकडे पाहावत नव्हतं मले."

त्यांच्या हातानं इतकी वर्षं तो थोडा थंड माल ओळखला होता आणि मुकाट्यानं वहीत उतरवला होता. कंप्यूटरला मात्र आम्ही कुंकवाच्या फ्रेममधला आकडा दिला होता.

आच नेमकी किती ठेवतात तेही बिसाहूनं सांगितलं, तो ताप मी भरला. शनिवारी संध्याकाळी पडद्यावर टोपी आली तेव्हा खाचेखाली, बरोबर कपाळावर, निळा डाग होता. नवीननं वही मागून घेतली आणि पडद्याशेजारी धरली. भाऊजींना जिंकल्याचा आनंद झाला असावा असं मी शोधत होते. ते म्हणाले, "दोघं एकच बोलून राहिले होते. याले फक्त खरं कोणी सांगतलं नव्हतं."

मालकांनी आणखी दिवस दिले. सुट्टी संपेपर्यंत आम्ही टोपी पडद्यावर सात वेळा ओतली. शेवटी भाऊजींनी खाचेखाली, टोपीच्या काठाबाहेर, एक लहानसा खिसा काढला. दोन्ही धारांची निवलेली तोंडं आधी पुढे जाऊन त्या खिशात भेटतील आणि कपाळावर मागून येणारा ऊन माल भरेल. थंड भेट बाहेर होईल, खिसा कापून टाकायचा. टोपीत भरडा घालणंही बंद झालं, तो बादल्यांना गेला. फ्रेममध्ये नवा तक्ता लागला. बिसाहूनं आकडे सांगितले, मी लिहिले. पडद्यावर खाचेखाली लाल आलं त्या दिवशी भाऊजींनी नकाशावर सही केली.

पहिली टोपी निघाली तेव्हा ती ऊन होती. भाऊजींनी ती दोन्ही हातांत फिरवली, मग खाचेखालून नख नेलं. एकदा, दोनदा, उलटं, सुलटं. मग ती बिसाहूकडे दिली. त्यानंही आपलं नख फिरवून पाहिलं. त्याला त्यातलं काय कळत होतं कोण जाणे, पण त्यानं ती बराच वेळ पाहिली, डोक्यावर ठेवली आणि सुट्टी झाल्यावर तशीच घालून सायकलनं उतईला गेला. खिळ्यावरची फुटकी टोपी मात्र भाऊजींनी काढली नाही. नवीननं एकदा विचारलं, तर म्हणाले, राहू दे, ती माझी आहे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांची डावी बाजू गेली. वाचाही जवळजवळ गेली. नलूताई खाट व्हरांड्यात ठेवत, म्हणजे रस्ता दिसे. मी संध्याकाळी जाऊन बसत असे. कधी जुनी वही त्यांच्या उजव्या हातात दिली की अंगठ्याखालून ते पानं सोडत, बादली भरे, आणि ते पुन्हा पहिल्या पानाशी येत.

शेवटचं मी त्यांना एका रविवारी पाहिलं. फाटकाशी सायकल वाजली. बिसाहू आला होता. दर रविवारी येतच असे, घरची भाजी घेऊन. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. डोक्यावर तीच टोपी, ऊन खाऊन खाऊन पिवळट पडलेली. भाऊजींनी हात उचलून त्याला जवळ बोलावलं. तो खाटेशी उकिडवा बसला. भाऊजींचं नख टोपीच्या खाचेखालून फिरलं. कुठे अडखळलं नाही.

मग त्यांनी टोपी मागे सारली. बिसाहूनं ती काढून मांडीवर घेतली. भाऊजींचा अंगठा त्याच्या केसांपाशी टेकला आणि त्या व्रणावरून हळूहळू खाली भुवईपर्यंत आला. तिथेच थांबला. नलूताई दाराशी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

बिसाहू हलला नाही. म्हणाला, "अब नइ पिरावय, साहेब." आता दुखत नाही.

भाऊजी त्याच्याकडे बघत होते, सरळ त्याच्या कपाळाकडे. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतला आणि नलूताईंकडे वळून दोन बोटं दाखवली. दोन कप चहा. एक त्याला, एक मला.